मराठवाड्यातील जलाशयांवर शिकण्यासाठी जुनी शिडाची होडी घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात शिडाची होडी चालवता येईल एवढे पाणी आणि वारा खरोखर आहे का?

आहे, मात्र दोन्ही ऋतूंप्रमाणे बदलतात आणि होडीची निवड या बदलावरच अवलंबून असते. पैठणजवळचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. याशिवाय नांदेडचे विष्णुपुरी, जिंतूर तालुक्यातील येलदरी, माजलगाव आणि धनेगावचे मांजरा धरण हे मोठे जलाशय आहेत. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाणी काठोकाठ असते आणि वारा बहुधा सौम्य राहतो. शिकणाऱ्यासाठी हाच काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर पाणी झपाट्याने मागे सरकते. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट आहे आणि ती उतरू लागली की दिवाळीत जिथे होडी सोडली तिथे उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन दिसते. मांजरा धरण तर २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

म्हणून समुद्रकाठच्या माणसाला होडीबद्दल जो सल्ला मिळतो तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे पाण्याची कड दर महिन्याला जागा बदलते, तिथपर्यंत पक्का उतार नसतो आणि मधे काळी चिकण माती असते. दोन माणसांना उचलून किंवा ढकलून त्या कडेपर्यंत नेता येईल अशीच होडी इथे उपयोगाची आहे. पुढील बहुतेक उत्तरे याच एका अटीवरून ठरली आहेत.

परवानगी लागते का?

लागते, आणि होडी विकत घेण्यापूर्वी ती मिळते की नाही हे पाहिले पाहिजे. होडीला इंजिन नाही एवढ्यावरून कोणताही जलाशय आपोआप खुला होत नाही. धरणे जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत, त्यामुळे संबंधित धरणाच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज करावा. जायकवाडीच्या बाबतीत आणखी एक बाब आहे: तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य म्हणून घोषित आहे, त्यामुळे तिथे वन विभागाच्या वन्यजीव शाखेचीही परवानगी लागते. हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब आणि बदकांचे थवे उतरतात नेमक्या त्याच महिन्यांत नवशिक्यांना पाण्यावर जायचे असते, हे लक्षात ठेवूनच अर्ज करावा आणि नकार मिळाल्यास दुसरा जलाशय पाहावा. मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिच्या पदाधिकाऱ्यांनाही आधी भेटावे. हा कागदोपत्री नियम असो वा नसो, जाळी कुठे टाकलेली आहेत हे त्यांनाच ठाऊक असते.

पहिली होडी केवढी असावी?

साडेचार मीटरपेक्षा लांब नसावी आणि तिचे अंग, म्हणजे डोलकाठी, शीड व सुकाणू सोडून उरलेली होडी, शंभर किलोपेक्षा जड नसावे. शिडाच्या होडीला वाऱ्याने आडवे ढकलले जाऊ नये म्हणून पाण्याखाली एक उभी फळी लागते. काही होड्यांत ही फळी म्हणजे तळाला कायमचा जोडलेला जड कणा असतो, ज्याला कील म्हणतात. छोट्या होड्यांत तिच्याऐवजी वर ओढून घेता येणारा डॅगरबोर्ड किंवा खिट्टीभोवती फिरून आत जाणारा सेंटरबोर्ड असतो. आपल्या जलाशयांसाठी फळी वर घेता येणारी होडीच निवडावी. कडेचे पाणी लांबपर्यंत गुडघाभर असते, गाळात बुडालेली बाभळीची खोडे, जुन्या विहिरींची बांधकामे आणि पाइप असतात. कायमच्या कण्याची होडी अशा ठिकाणी उतरवताच येत नाही, आणि एकदा रुतली की पुढचा पावसाळा येईपर्यंत तिथेच राहण्याची भीती असते.

डॅगरबोर्ड आणि सेंटरबोर्ड यांतही फरक आहे. डॅगरबोर्ड सरळ वर ओढावा लागतो. तो बुडालेल्या खोडाला आपटला तर होडी जागीच थांबते आणि फळीची खाच फुटू शकते. सेंटरबोर्ड आपटल्यावर मागे वळून आत जातो, त्यामुळे उथळ पाण्यात तो अधिक क्षमाशील असतो. पण त्याच्या पेटीत चिखल आणि खडे अडकतात व पेटीच्या बुडाशी गळती होण्याचा संभव राहतो. ज्याच्या जलाशयाची कड सपाट आणि गाळाची आहे त्याने सेंटरबोर्डकडे झुकावे. विष्णुपुरीसारख्या नदीच्या आकाराच्या, उंच काठांच्या जलाशयावर मात्र डॅगरबोर्ड चालून जातो.

नावाने सांगायचे तर कोणत्या होड्या पाहाव्यात?

भारतात जुन्या बाजारात नेहमी आढळणाऱ्या तीन-चार प्रकारांचाच विचार करावा, कारण सुटे भाग आणि माहीतगार माणसे त्यांच्यासाठीच मिळतात.

मूल शिकणार असेल तर ऑप्टिमिस्ट. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात आखलेली ही चौकोनी नाकाची, २.३६ मीटर लांबीची, अंदाजे ३५ किलोची होडी आजही जगभर पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिकवण्यासाठी वापरतात. ती दिसायला खोक्यासारखी असली तरी वागायला अत्यंत शांत आहे. मोठ्या माणसाने मात्र तीत बसून शिकण्याचा मोह टाळावा.

एकट्या प्रौढाने शिकायचे असल्यास लेझर, जिला २०१९ पासून आयएलसीए म्हणतात. लांबी ४.२३ मीटर, अंगाचे वजन सुमारे ५९ किलो, एकच शीड आणि डोलकाठीला ताणाच्या तारा नाहीत. हिच्या एकाच अंगावर तीन मापांची शिडे बसतात: सर्वांत मोठे ७.०६ चौरस मीटरचे, मधले रेडियल सुमारे ५.७६ चौरस मीटरचे आणि सर्वांत लहान ४.७ चौरस मीटरचे. माप बदलताना डोलकाठीचा खालचा तुकडाही बदलावा लागतो. साठ-पासष्ट किलो वजनाच्या नवशिक्याने मोठे शीड असलेली होडी घेऊन प्रत्येक झुळकेला पाण्यात पडण्यापेक्षा रेडियलची जोडणी सोबत मिळते का हे विचारावे. लेझर चपळ आहे, ती चुका माफ करत नाही आणि उलटतेही लवकर. परंतु एकट्याने सरळ करता येणारी, दोघांनी सहज उचलता येणारी आणि डोलकाठीचे दोन तुकडे करून नेता येणारी दुसरी इतकी सोपी होडी जुन्या बाजारात सहसा मिळत नाही.

दोघांनी मिळून, विशेषतः एकाने दुसऱ्याला शिकवत चालवायचे असेल तर एंटरप्राइझ. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली ही ४.०४ मीटर लांबीची, निळ्या शिडांची होडी भारतात अनेक वर्षे स्पर्धांत वापरली गेली, त्यामुळे तिची जुनी अंगे अजून फिरत असतात. पुढचे छोटे शीड, म्हणजे जिब, दुसऱ्याच्या हाती देता येते आणि वाऱ्याचे गणित दोघांनाही लवकर उमगते. तिचा दोष असा की उलटून सरळ केल्यावर जुन्या बनावटीची एंटरप्राइझ पाण्याने तुडुंब भरते आणि बराच वेळ उपसत बसावे लागते. म्हणून तीत बादली दोरीने बांधलेलीच असावी.

दोन तळांची होबी १६ स्वस्तात मिळाल्यास पाहणाऱ्याचे मन तिच्यावर बसते. ती वेगवान आणि देखणी आहे, पण सुमारे १४५ किलो वजन, चिखलातली वाट आणि उलटल्यावर सरळ करण्यास लागणारा जोर पाहता पहिली होडी म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

केबिन असलेली मोठी होडी जवळजवळ फुकट मिळत आहे. घ्यावी का?

घेऊ नये. ती उचलण्यास क्रेन लागेल, धरणावर ती बांधून ठेवण्याची सोय नाही, आणि पाणी ओसरल्यावर तिचे काय करायचे हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहील.

जुनी होडी शोधायची कुठे?

मराठवाड्याच्या पूर्वेकडील जिल्ह्यांसाठी हैदराबाद जवळ आहे. हुसेनसागरावर सिकंदराबाद सेलिंग क्लब आणि यॉट क्लब ऑफ हैदराबाद या दोन्ही संस्था आहेत आणि तिथे लेझर व ऑप्टिमिस्ट मोठ्या संख्येने चालतात. संभाजीनगर, जालना व बीडकडील लोकांना मुंबई किंवा पुणे सोयीचे पडते. क्लब जेव्हा आपल्या ताफ्यातील जुन्या होड्या बदलतात तेव्हा त्या काढून टाकतात, आणि हीच वेळ साधावी. फक्त हे ओळखून असावे की शिकवण्याच्या ताफ्यातील होडीला खूप हात लागलेले असतात. ती काठावर आपटलेली, ओढलेली असते. एका हौशी माणसाने सावलीत ठेवलेली होडी थोडी महाग पडली तरी पत्करावी.

मुंबईहून येणारी होडी खाऱ्या पाण्यातली असते. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचे रिव्हेट जिथे बसवले आहेत तिथे पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग दिसतो का ते पाहावे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. हैदराबादची होडी या त्रासातून बहुधा सुटलेली असते, पण दख्खनच्या उन्हाने तिची दोरखंडे आणि शिडे वाळलेली असतात.

होडी आणण्याबाबत थोडे. होडीचा ट्रेलर रस्त्यावर ओढायचा तर त्याची आरटीओकडे नोंदणी लागते, म्हणून एका फेरीसाठी भाड्याची पिकअप करणेच परवडते. ऑप्टिमिस्ट छोटा हत्तीच्या हौद्यात मागची फळी पाडून राहते. लेझर किंवा एंटरप्राइझसाठी लांब हौद्याची गाडी ठरवावी, खाली जुन्या गाद्या किंवा ट्यूब टाकाव्यात आणि दोर अंगावर न कसता पट्टे वापरावेत.

होडीचे अंग कसे तपासावे?

इथे घाई करू नये. एक पूर्ण सकाळ द्यावी आणि सोबत फायबरचे काम करणारा कोणी मिळाला तर न्यावा. रंगाची चकाकी पाहून मत बनवू नये. नवा रंग दिला असेल तर तो कशावर दिला आहे हे आधी विचारावे.

प्रथम वजन. फायबरच्या होडीच्या आत फोम किंवा बंद पोकळी असते आणि तीत वर्षानुवर्षे पाणी मुरले की होडी जड, सुस्त व बुडण्यास प्रवण होते. ५९ किलोची लेझर ७० किलो भरत असेल तर त्या अकरा किलोंत पाणी आहे असे समजून चालावे. हे वजन ट्रकच्या भुईकाट्यावर करू नये, कारण त्याची पायरीच पाच-दहा किलोंची असते. आडत दुकानातील पोती मोजण्याचा काटा यासाठी योग्य.

त्यानंतर संपूर्ण तळ आणि डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, बोटाच्या पेराने किंवा नाण्याने ठोकत जावे. आवाज सर्वत्र कडक आणि सारखा यावा. मध्येच भद्द आवाज आला तर तिथे थर सुटले आहेत किंवा आतला गाभा कुजला आहे. डेकवर अनवाणी उभे राहून चालावे. जिथे पाय दबतो तिथे दुरुस्तीचा खर्च आहे. वरच्या जेलकोटवरील, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थरावरील, केसासारख्या भेगा सगळ्याच जुन्या होड्यांवर असतात आणि त्यांची चिंता नको. पण एकाच बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे जोराचा मार बसलेला आहे.

लेझर असेल तर डोलकाठी ज्या नळीत उभी राहते ती नळी हा तिचा सर्वांत दुखरा भाग. नळीत काठोकाठ पाणी भरावे आणि पातळीवर खूण करून अर्धा तास थांबावे. पातळी उतरली तर पाणी होडीच्या पोटात जात आहे, आणि अशी नळी भर वाऱ्यात डेकसकट उपटून निघू शकते. एंटरप्राइझमध्ये याऐवजी डोलकाठीच्या तारा जिथे अंगाला जोडल्या आहेत त्या पट्ट्या आणि सेंटरबोर्डच्या पेटीचा तळ पाहावा. पेटीत पाणी ओतून बाहेरून कोरडे कापड फिरवले की गळती लगेच कळते.

शेवटी मागची फळी. सुकाणूची बिजागरी हाताने जोरात हलवून पाहावी. स्क्रू सैल असतील तर ते घट्ट करून भागत नाही, आतले लाकूड भुसभुशीत झाले आहे का हे बघावे लागते. हवाबंद कप्प्यांची झाकणे लावून, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून आत हलकी हवा फुंकली की बुडबुडे स्वतःच जागा दाखवतात. सायकलच्या पंपाचा जोर इथे लावू नये, कप्पा फुटतो.

शीड आणि डोलकाठीत काय पाहावे?

शिडाचे कापड पॉलिएस्टरचे असते आणि त्याला सर्वांत मोठा शत्रू ऊन आहे. कापडाआधी शिवणीचा दोरा मरतो. शिवणीवर नखाने घासावे; दोरा तुटला तर शीड पुन्हा शिवून घ्यावे लागेल. नवे शीड हातात कुरकुरते, जुने जुन्या धोतरासारखे मऊ लागते. मऊ शीड शिकण्यास चालते. फाटके किंवा उन्हाने ठिसूळ झालेले चालत नाही. जिथे तिन्ही कोपरे आणि शीड ताठ ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांचे खिसे आहेत तिथे नीट पाहावे.

डोलकाठी सपाट फरशीवर लोळवावी. डुगडुगली तर ती वाकलेली आहे. लेझरच्या वरच्या तुकड्याला जोडाजवळ वाक येतो आणि तिथेच रिव्हेटचे छिद्र असल्याने पुढे तो तुटतोही. तारांची एकेक लड मोकळी झालेली असेल तर तार बदलावीच लागते. दोर आणि पुली यांसाठी होडी नाकारू नये. ते सगळ्यांत स्वस्त आहे.

लाकडी होडी घ्यावी का?

सुतारकामाची आवड असेल तरच. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, सांधे उघडतात आणि पहिल्याच उतरणीला होडी पाणी घेते. प्लायवूड बदलायचे असल्यास आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लाय वापरावे. दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून जे स्वस्त प्लाय पुढे करतो ते घरातील कपाटासाठी ठीक.

योग्य किंमत कशी ठरवावी?

होडीची किंमत म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेला आकडा नव्हे. त्यात गाडीभाडे, हव्या असलेल्या भागांची किंमत आणि जीवरक्षक जाकिटे मिळवावीत. एखादा भाग हरवलेला असेल, विशेषतः सुकाणू, डॅगरबोर्ड किंवा बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी), तर तो कुठे मिळेल हे कळेपर्यंत सौदा करू नये, कारण मराठवाड्यात तो मिळत नाही आणि मोंढ्यातल्या वेल्डरने बनवलेला सुकाणू पाण्यात धरवत नाही. शीड खराब असेल तर नव्या शिडाची किंमत बोलीतून सरळ वजा करावी. सर्व भाग असलेली साधी, विटलेली होडी ही चकचकीत पण अपुऱ्या होडीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

घेण्यापूर्वी पाण्यात उतरवून पाहणे आवश्यक आहे का?

होय, आणि विकणारा तयार नसेल तर तेवढ्यावरूनच निर्णय घ्यावा. किमान एक तास पाण्यात ठेवल्यावर बाहेर काढून बुडाचे बूच उघडावे आणि किती पाणी निघते ते पाहावे. पेलाभर ठीक आहे, बादलीभर नाही. माहीतगाराच्या सोबतीने ती मुद्दाम उलटवून सरळ करून पाहावी. हे करताना पाणी डोलकाठीच्या उंचीपेक्षा खोल असावे. उथळ पाण्यात डोलकाठीचे टोक गाळात रुतते आणि तिथेच वाकते. ही अडचण धरणांच्या कडेला कायमचीच आहे, म्हणून टोकाला हवाबंद फुगा किंवा झाकण घट्ट केलेला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधण्याची सवय चांगली.

मला पोहता येत नाही. तरीही शिकता येईल का?

आधी पोहायला शिकावे. जाकीट हा पोहण्याला पर्याय नाही. पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळ आणि मदत हाताशी असताना ५० न्यूटनचे जाकीट पुरते. पोहण्यात कच्च्या माणसाने १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक तरंगशक्तीचे वापरावे. सहलीच्या बोटींवर मिळणारी थर्माकोल भरलेली सैल जाकिटे पाण्यात उडी मारताच डोक्यावरून निघतात. वारा ताशी वीस किलोमीटरच्या वर गेला, म्हणजे सगळीकडे पांढरे फेस दिसू लागले, की नवशिक्याने काठावरच राहावे.

आपल्या भागातील विशेष धोके कोणते?

विजेच्या तारा हा पहिला. धरणाच्या कडेने शेतकऱ्यांच्या मोटारींसाठी तारा गेलेल्या असतात, काही खूप खाली लोंबकळतात, आणि एंटरप्राइझची उभी डोलकाठी सहा मीटरच्या वर जाते. ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला टेकण्याचीही गरज नसते, अगदी जवळ गेली तरी उच्च दाबाची वीज झेप घेऊ शकते. होडी जोडण्यापूर्वी वर पाहावे, आणि डोलकाठी उभी करून होडी तारेखालून कधीही ढकलत नेऊ नये. पाणी मागे सरकते तशा मोटारी आणि केबलही पुढे सरकतात, म्हणून मागच्या महिन्यात मोकळी असलेली जागा या महिन्यात तशीच असेल असे मानू नये. केबल पडलेल्या पाण्यात उतरू नये.

दुसरा धोका वळवाचा. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपारनंतर ढग जमून काही मिनिटांत वारा उलटतो आणि विजा पडतात. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपली डोलकाठीच असते. या महिन्यांत सकाळी दहापूर्वी परत यावे. पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना किंवा सुरू होण्याची सूचना असताना पाण्यावर जाऊच नये, आणि धरणाची भिंत, दरवाजे व उपसा केंद्र यांच्या जवळपास तर कोणत्याही ऋतूत नाही.

चप्पूवरून जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांच्या रेषांना ओलांडण्यापेक्षा वळसा घालावा. डॅगरबोर्ड जाळ्यात अडकला तर नुकसान त्यांचे होते.

शिकायचे कुठे?

होडी घेण्यापूर्वी एक छोटा अभ्यासक्रम करावा. भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे, हैदराबादच्या वर उल्लेखलेल्या संस्थांतही प्रशिक्षण मिळते. तिथे दोन-तीन प्रकारच्या होड्यांत बसल्यावर आपल्याला एकट्याची होडी हवी की जोडीची, हे स्वतःला कळते आणि निम्मे प्रश्न उरत नाहीत.

घरी ठेवायची कशी?

पालथी, जुन्या टायरांवर, सावलीत. उघड्यावर ठेवावीच लागली तर जाड ताडपत्री टाकावी, पण बाजूंनी हवा खेळती राहील अशी. घट्ट गुंडाळलेल्या होडीत मुरलेले पाणी सुकत नाही. बुडाचे बूच आणि कप्प्यांची झाकणे उघडी ठेवावीत, नाहीतर उन्हात आतली हवा फुगून सांधे सुटतात. शीड गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, घडी न घालता गुंडाळावे आणि गोदामात छताला टांगावे. धान्याशेजारी ठेवलेले शीड उंदीर एका पावसाळ्यात कुरतडतात.